पुलापर्यंतची जागा

भंडारा,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चि. भूपेंद्र यास,

अनेक आशीर्वाद. पाकीट पाहून दचकू नकोस, इकडे सगळे जागच्या जागी आहेत. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू माझं पहिलं वाक्य ऐकतोस आणि दुसरं स्वतःच बोलून टाकतोस. कागदासमोर तुला ती सोय नाही.

तुझ्या भाऊजींनी निवृत्त झाल्यापासून घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं आहे, त्यामुळे ते कुठल्या खोलीत आहेत हे आता कळत नाही. माझं साप्ताहिकातलं सदर चालू आहे. मध्यंतरी लग्नपत्रिकेवर छापल्या जाणाऱ्या नावांच्या रांगेवर लिहिलं, तर दोन घरांतून आमंत्रणं आली नाहीत. म्हणजे वाचक आहेत.

आईची तब्येत चांगली आहे. आंबागडच्या घरामागे यंदा पोपटीच्या शेंगा इतक्या लागल्यात की मांडव वाकला. वांगीही भरपूर. शेजारीपाजारी वाटून उरतं ते शेजाऱ्यांच्या शेळीला जातं. ती शेळी सध्या तुझ्या-माझ्यापेक्षा ताजी भाजी खाते. शेळीकडे मी परत येणार आहे.

आधी तू सोपवलेलं काम. दिवाळीनंतर तू म्हणालास, "ताई, तू साऱ्या जगाला झोडपतेस, एकदा त्या सकाळच्या तुमसरच्या गाडीतल्या लोकांना झोडप. सुरुवात मी केलीच आहे." मी काम आनंदानं घेतलं. पण आधी कोणाला झोडपायचं ते नीट पाहून घ्यावं म्हणून मागच्या आठवड्यात आंबागडला गेले, आणि जाण्याआधी तुझी ती पोस्ट पुन्हा वाचली.

कोणीतरी आपल्या नव्या गॉगलचा काढलेला व्हिडिओ. गॉगलच्या मागे योगायोगानं आपली आई. एका हातानं दांडा धरून उभी, पायाशी तुमसरच्या बाजारात विकायच्या भाजीची टोपली, आणि तिच्या अगदी पुढ्यात खिडकीशी एक तरुण पोरगी बसलेली. कानात ते पांढरं यंत्र, नजर बाहेर. तू त्या पोरीच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढलास आणि लिहिलंस, "उभी आहे ती माझी आई, वय त्र्याहत्तर. बसली आहे ती आजची पिढी. आणि बाकीची गाडी बघत आहे. हेच का आपले संस्कार?"

हजारो लोकांना ते आवडलं. कितीतरी जणांनी हात जोडले, काहींनी फुलं टाकली. एकानं न वाचताच आईला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली आणि तू त्यालाही धन्यवाद दिलेस. असो.

मी आईला म्हटलं, उद्या सकाळच्या गाडीनं दोघी तुमसरला जाऊ, तू टोपली घे. म्हणाली, गुडघा दुखून राहिला. आणि त्याच गुडघ्यानं संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून सरपणाची मोळी घेऊन आली. कधी दुखायचं ते आईच्या गुडघ्याला कळतं.

तेव्हा सकाळी मी एकटीच गाडीला उभी राहिले. गाडी वरच्या गावांतूनच भरून येते. मी चढले म्हणजे मला चढवलं गेलं, मागच्या कोणाच्या तरी जेवणाच्या डब्यानं ते काम केलं. आत एकमेकांच्या काखेत नाक घालून माणसं उभी होती. आणि त्या गर्दीत एक सीट रिकामी होती. दारापासून दुसरी, खिडकीची. तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं. मला वाटलं, कोणी ओकलं असेल. वाकून पाहिलं तर कोरडी, स्वच्छ. बसले. माझ्या वयाच्या बाईला रिकामी सीट दिसली की ती कारणं शोधत नाही.

आजूबाजूच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

कंडक्टर डोमा आईला मावशी म्हणतो, म्हणजे तुझामाझा मावसभाऊच. पण त्यानं मला ओळखलं नाही. मशीनमधून तिकीट काढता काढता विचारलं, "कोणाच्या जी तुमी?"

म्हटलं, गिरजाबाईंची थोरली.

"म्हंजे पुण्याच्या भाऊची बहीण," मागून कोणीतरी म्हणालं. त्याबरोबर माझ्या आजूबाजूच्या दोघांनी केस नीट केले आणि उरलेल्यांनी माझा फोन कुठे आहे ते पाहिलं. तो पिशवीत होता. तरी पिशवीवर नजर राहिली.

शेजारच्या सीटवर सुमनबाई होत्या. तुमसरला एका वसतिगृहात स्वयंपाक करतात. आईची आणि त्यांची मैत्री गाडीतलीच, बाहेर एकमेकींचं घर दोघींनी पाहिलेलं नाही. फोन बाहेर येत नाही अशी खात्री झाल्यावर त्या बोलत्या झाल्या, आणि मला या गाडीचा कायदा समजला.

आंबागड आणि तुमसरच्या साधारण मध्यावर नाला लागतो, त्यावर पूल आहे. तिथपर्यंत जे बसून आलेत ते पूल आला की उठतात, आणि जे उभे असतात ते बसतात. कोणी सुरू केलं ते कोणालाच सांगता येत नाही. कशाचीही पाटी नाही. पाट्या आहेत त्या सीटांच्या वर, आमदार-खासदारांसाठी राखीव म्हणून, आणि त्या सीटवर आजवर वांग्याच्या टोपल्यांनी प्रवास केला आहे. पुलाचे सांधे चाकाखाली खडखडले की अख्खी गाडी डबे, टोपल्या, लेकरं सांभाळत चालत्या गाडीत उठबस करते. नव्या माणसाला दोन दिवस कळत नाही, तिसऱ्या दिवशी तोही उठतो. इथे माणसाची ओळखसुद्धा तशीच सांगतात. हा पुलाआधीचा, ती पुलानंतरची.

आंबागडला उतरणाऱ्या कोणाची तरी सीट आपल्या आईला मिळायची, म्हणून ती पुलाआधीची. म्हणजे पुलानंतर उभं राहायची पाळी तिची. वयाची सूट द्यायला सगळे तयार होते, तिनंच घेतली नाही. कोणी म्हटलं, माय बसून राहा, की ती म्हणायची, "काहून? मी मेली काय?"

मला हायसं वाटलं. म्हटलं, बघा म्हणजे, व्हिडिओ पुलानंतरचा असणार. आई आपल्या पाळीनं उभी होती, माझ्या भावाला हे माहीत नाही, मिटलं. मनातल्या मनात मी सदर लिहायलाही घेतलं होतं, आणि खरं सांगू, त्यात तूच झोडपला जात होतास.

"पुलाआधीचा होय तो," सुमनबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मग आईच्या हक्काच्या जागेवर ती पोरगी कशी? यावर पुढच्या सीटवरच्या माणसाला खोकला आला. डोमाला मागे कोणाचं तरी तिकीट काढायचं आठवलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी तापले. विचारलं, एवढे दिवस तुम्हाला लोक निर्लज्ज म्हणत आहेत, माझ्या भावाला कोणी एक ओळीचं उत्तर तरी का नाही दिलं?

सुमनबाईंनी माझ्याकडे अगदी शांतपणे पाहिलं. "सांगतलं असतं, बाई, त मंग पुढचं बी सांगा लागलं असतं."

बस. एवढंच.

तुझ्या पोस्टनंतर काय झालं ते मात्र त्यांनी सांगितलं. आई चढली की कलेक्टर आल्यासारखी सगळी गाडी उभी राहू लागली. पुलावर तिला कोणी उठू देईना. आधी तिच्या वांग्यांना नावं ठेवणारे लोक आता तिला नमस्कार करू लागले. कोण कधी फोन रोखेल या भीतीनं तरुण पोरं-पोरी बसेचनात. सभ्य माणसांना बसायची भीती वाटावी इतकी सभ्यता तू एका पोस्टनं आणलीस. आणि ती खिडकीची सीट तर बाटल्यासारखीच झाली. लाल गोलाची सीट. तिथे बसणारी मी महिन्याभरातली पहिली बाई.

तेवढ्यात खडखड झालं. पूल.

गाडीतले पाय सवयीनं हलले. चार-दोन जण अर्धे उठले, एकमेकांकडे बघून पुन्हा खाली बसले. ते बघवत नव्हतं. सगळ्यांना गाणं येतं आणि कोणी म्हणत नाही, तसं. मी उठले. माझी ती जागा पुन्हा रिकामी झाली आणि आसपासच्या सगळ्यांनी, न बोलता, दाराजवळ उभ्या असलेल्या एका पोरीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नाही. ओढणी पुढे ओढून घेतली.

लाल गोल नव्हता म्हणून चेहरा ओळखायला मला क्षणभर लागला. एक हात दांड्यावर, दुसरा पोटाशी. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला यापुढचं कोणी सांगावं लागत नाही. मी मनातल्या मनात महिने मागे मोजले आणि थेट तुझ्या दिवाळीच्या पोस्टला जाऊन पोचले.

तुमसरच्या स्टँडवर ती स्वतःहून माझ्याकडे आली. तिचं नाव रीना. धान बाजारात एका अडत्याकडे कंप्युटरवर बसते. याआधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. दोन्ही वेळा घरात आधीच पेढे वाटून झाले होते, मग पेढे खाल्लेले सगळे समजूत काढायला आले. म्हणून या वेळी नवऱ्याशिवाय कोणालाच सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. सासूलाही नाही. डॉक्टर म्हणाले, गाडीत उभं राहू नको. नोकरी सोडली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

एक दिवस दांड्याला धरल्या धरल्या तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. आपल्या आईनं तिच्याकडे एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, उठली आणि तिला खिडकीशी बसवलं. म्हणाली, "पुलाआधी बी तूच बस, पुलानंतर बी तूच. तुह्या पाळीले मी उभी राहीन." गाडीनं पाहिलं. गाडीला समजलं. त्या दिवसापासून दारापासूनची दुसरी सीट रीनाची झाली, आणि कोणीही कोणालाही काहीही विचारलं नाही.

आता त्या कानातल्या यंत्राचं. तुझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर होता, पोस्टच्या पुढच्या तीन ओळी त्यावरच होत्या. ती युक्ती आईची. वरच्या गावचं कोणी नवखं माणूस पुलावर म्हणेल, ऊठ बाई, आता माझी पाळी, तर काय करायचं? आई म्हणाली, ते कानात घालून बाहीर पाहत राह्य, तुले ऐकूच येत नाही. रीनानं मला ते यंत्र दाखवलं. त्याला चार्जिंगच नव्हतं.

तुझा लाल गोल तिच्या सासरी पोचला. सासूनं विचारलं, म्हाताऱ्या बाईले उभी करून तू बसली होतीस? रीना म्हणाली, हो, चुकलं.

भूपेंद्र, इथे मी पेन खाली ठेवून चहा करून आले.

त्या गाडीतल्या प्रत्येक माणसाला सुटायला एक वाक्य पुरत होतं. ते सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांच्या खिशात फोन होता, आणि तुझ्या पोस्टखाली लिहायला कोणाची परवानगी लागत नव्हती. डोमाला चहाच्या टपरीवर लोक 'संस्कारी कंडक्टर' म्हणून हाक मारतात. तो चहा पितो आणि येतो. सुमनबाईंच्या वसतिगृहातल्या मुलींनी त्यांना विचारलं, मावशी, त्या व्हिडिओत मागं तुम्हीच ना? त्या म्हणाल्या, होय, मीच. कोणी ठराव केला नव्हता. जशी पुलावर उठतात तशी ती माणसं आपापली चांगली नावं सोडून उभी राहिली, एका परक्या पोरीचं गुपित राहावं म्हणून. आयुष्यभर लोकांची सालं काढण्यात माझा हात बसला आहे. या लोकांचं काय काढायचं ते मला कळेना. सदर लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही, कारण मग पुढचंही लिहावं लागेल.

तुला सांगायची परवानगी मात्र आहे. रीनाला आता पाचवा लागला. सासूला सांगून झालं. म्हणाली, "आता त दिसूनच राहिलं जी. तुमच्या भाऊले सांगा. पन फेसबुकवर नका टाकू म्हणा त्याईले." निरोप जसाच्या तसा दिला आहे.

आता शेळी.

तू मागे फोनवर खूश होऊन म्हणालास, चला, एवढं तरी झालं, आईनं बाजाराला जाणं सोडलं, अखेर आराम करते आहे. मी हो म्हटलं होतं. मलाही तेच वाटत होतं. पण पोस्टनंतर रीना त्या सीटवर बसेनाशी झाली. आईसमोर बसायचं आणि पुन्हा कोणी फोटो काढायचा, ही भीती. आईनं तिला दम दिला, विनवलं, एकदा हात धरून बसवलं. आई उभी राहिली की ती पोरगी लगेच उठायची. मग आईनं आपल्या डोक्यानं उपाय काढला. आपण गाडीतच नसलो तर आपल्याला उभं कोण बघणार? मग ती बसेल. दुसऱ्या दिवसापासून आईचा गुडघा दुखू लागला.

आई आराम करत नाही आहे, बाबू. तिनं पुन्हा जागा सोडली आहे. या वेळी सगळी गाडीच सोडली. बाजारातला तिचा कोपरा, वांग्यांना नावं ठेवणारी गिऱ्हाइकं, सुमनबाईंशी जातायेता चालणारं बोलणं, सगळं. शेंगा शेळी खाते आहे.

आणि तरीही रीना बसलेली नाही. ती म्हणते, ज्या माणसाची जागा मी खाल्ली ते घरी बसलंय, मी कशी बसू? पोटात पाच महिन्यांचं घेऊन ती रोज दाराशी उभी राहते. दोन हट्टी बाया एकमेकींसाठी जागा सोडून मोकळ्या झाल्यात आणि मधल्या मध्ये ती सीट रोज आंबागड ते तुमसर रिकामी जाते. मी घरी येऊन आईला हे सांगितलं. तिला माहीत नव्हतं. शेंगा सोलायच्या थांबल्या तिच्या. म्हणाली, "अजूनबी उभीच रायते?" आणि उठून मागच्या अंगणात गेली.

तेव्हा तुझं काम. पोस्ट काढ. खुलासा लिहू नकोस, आणि माफीची पोस्ट तर अजिबात नको, तिच्यावरही लोक फुलं वाहतील. नुसती काढ. आणि ये. इथल्या लोकांच्या लेखी तू रोज पुण्याहून त्या गाडीत येऊन बसतोस, प्रत्येक सीटवर, सगळ्यांवर नजर ठेवून. एकदा खरोखर येऊन बस आणि पूल आला की खरोखर ऊठ. तू उठलेला त्या लोकांना दिसला पाहिजेस. मग बाकीचे आपोआप उठतील, त्यांना येतं ते. आणि खिडकीची ती सीट तू तुझ्या हातानं रीनाला दे. भाषण करू नकोस, नुसतं बाजूला हो. तिनं नाही म्हटलं तर आई आहेच दम द्यायला.

सुमनबाईंना मी विचारलं, माझा भाऊ आला तर चालेल का? त्यांनी डोमाकडे पाहिलं, डोमानं खिडकीबाहेर पाहिलं. मग सुमनबाई म्हणाल्या, "येऊ द्या. पाहुणाच होय तो. पुलापर्यंत बसवू त्याले."

आई येईल का, हे मी विचारलं नाही. पण मी निघाले तेव्हा तिची टोपली धुवून, अंगणात उन्हात पालथी घातलेली होती.

तुला पत्र लिहिणार असं तिला सांगितलं. माझ्या जिभेची तिला तुझ्याइतकीच काळजी. म्हणाली, "रागावून नोको लिहू त्याले. त्याले दिसलं, माय उभी आहे. पोराले लागनच ना." मला वाटलं, झालं. पण फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "तो येईल त सामान कमी आन म्हण त्याले. पुलानंतर उभं राहाले सोपं जाते."

पुलापर्यंत तुझ्या सीटशेजारी उभी,

तुझी,
शालूताई